कडू लागला म्हणजे बरा

आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी साडेआठच्या सुमारास, अमडापूरजवळच्या आमच्या शेतात भेंडी तोडताना वहिनीला साप चावला. उजवा पाय, घोट्याच्या वर दोन बोटं. पावणेनऊला थोरल्या भावाचा मला फोन आला. मी चिखलीत होतो, वर्तमानपत्राच्या तालुका कार्यालयात. वहिनी चिखलीच्या सरकारी दवाखान्यात पोहोचली तेव्हा पाऊण वाजला होता. शेत ते दवाखाना हे अंतर गाडीने पाऊण तासाचं आहे.

मधल्या वेळात काय झालं ते मी नंतर चार जणांना वेगवेगळं गाठून विचारलं. ज्यावर दोघांचं जुळलं नाही ते इथे घेतलेलं नाही.

भावाचा फोन असा होता.

"तुया वयनीले साप चावला बे. कामाची बाई म्हणते डुरक्या व्हता. चिखलीले आणू का काकाकडं नेऊ?"

"दुखून राह्यलं का?"

"आग होऊन राह्यली म्हणते."

"काकाले दाखव आधी," मी म्हणालो. "काका म्हणतील तसं करू."

हे माझे शब्द आहेत. फोन एका मिनिटाच्या आत संपला.

कामाच्या बाईने फक्त शेपटीकडचा भाग पाहिला होता. जाड, आखूड, ठिपक्यांचा. डुरक्या बिनविषारी असतो आणि घोणस विषारी, पण गवतात शिरणारी शेपूट पाहून या दोघांत फरक करणं जाणत्या माणसालाही कठीण जातं. बाई मला नंतर म्हणाली, "मले काय मालूम. आमच्याकडं जाड सापाले डुरक्याच म्हणतेत." तिने एक अंदाज सांगितला. भावाने फोनवर तो माहिती म्हणून सांगितला. मी तो बातमी म्हणून ऐकला. एवढ्या प्रवासाला वीस मिनिटंही लागली नाहीत.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. भाजीपाल्याची शेती, सातवीपर्यंत शिक्षण, रोज पेपर वाचणारे. पंचक्रोशीत कुणाला साप चावला की आधी त्यांच्या अंगणात आणतात. ते मंत्र म्हणत नाहीत, अंगारा लावत नाहीत, कुणाकडून नारळसुद्धा घेत नाहीत. ते परीक्षा घेतात. दारातल्या कडुलिंबाची एक फांदी त्यांनी त्यासाठीच खाली हाताशी येईल अशी राखली आहे. चावलेल्या माणसाला मूठभर पाला चावायला द्यायचा. कडू लागला तर अंगात विष नाही. गोड किंवा बेचव लागला तर विष चढलंय, दवाखान्यात पळवा. मग चिमूटभर तिखट जिभेवर. हीच परीक्षा तासातासाने, तीन-चार वेळा. आणि एक रीत, जी कुणी घालून दिलेली नाही पण सगळे पाळतात: काका 'न्या' म्हणेपर्यंत माणसाला अंगणातून हलवायचं नाही.

नऊ वाजून दहा मिनिटांनी वहिनीने पहिला पाला चावला. अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती.

"कसा लागून राह्यला?" काकांनी विचारलं.

"कडू."

"किती कडू?"

"कडू म्हणजे कडू, काका. तुमी खाऊन पाहा."

लोक हसले. मग तिखट. वहिनी म्हणाली, "नाकातून पाणी चाललं, दिसत नाई का? अजून टाका, भाकरी द्या संग."

शेजारच्या म्हातारीने तिथेच निकाल दिला. "जिचं तोंड असं चालते तिले काय होते वं."

काका म्हणाले, "विष नाई. डुरक्याच असन. झोपू नका देऊ तिले."

वहिनी बाजेवर बसली. पायाची आग कमी झालेली नव्हती. ती तिने सांगितली. पण अंगणात त्या दिवशी फक्त जिभेची साक्ष चालत होती. दहा वाजून दहा मिनिटांनी दुसरा पाला. कडू. पोटरी सुजली होती. काका म्हणाले, डुरक्याच्या दाताची सूज राहते. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिसरा पाला. कडू. तिने चोथा थुंकला. थुंकी लालसर होती.

म्हातारी म्हणाली, "पान खाल्लं काय वं?"

काकांनी वहिनीला तोंड उघडायला लावलं, आत पाहिलं. "काडी लागली हिरडीले. पाला काढताना काड्या काढत जा म्हणून किती खेपा सांगतलं." ते फांदी तोडणाऱ्या पोराला रागावले. वहिनीला चूळ भरायला पाणी दिलं. चुळीचं पाणीही लाल आलं.

हिरड्यांतून रक्त येणं ही त्या दिवसातली एकमेव स्पष्ट खूण होती. ती काकांना दिसली, भावाला दिसली, पंधरा-वीस माणसांना दिसली. पाला चावायला दिला नसता तर तिला दुसरं कारण चिकटलं नसतं. परीक्षेनेच पुरावा पुसला. हे मी आज शांतपणे लिहितो आहे. ज्या दिवशी मला ते पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी भावाच्या ओसरीवरचा स्टीलचा तांब्या भिंतीवर फेकून मारला होता.

अकरा चाळीसला भाऊ गोठ्यामागे गेला आणि तिथून त्याने मला फोन केला. तो कुजबुजत होता.

"गुडघ्यालोक सूज आली. थुकीत लाल येऊन राह्यलं. काका म्हणते काडी लागली."

"पाला?"

"कडूच म्हणते."

"मंग?"

"मंग काय. काका 'ने' म्हणून नाई राह्यले."

बेचाळीस वर्षांचा माणूस, दोन मुलांचा बाप, स्वतःच्या बायकोला दवाखान्यात न्यायला गोठ्यामागून परवानगी मागत होता. आणि ती माझ्याकडे मागत होता, कारण मी पेपरात होतो. मी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना फोन लावला. बातम्यांच्या निमित्ताने त्यांची ओळख होती. त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "आत्ता आणा. पाय बांधू नका, चिरा देऊ नका, चालू देऊ नका. आणि तो पाला बंद करा."

मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "ने बाबा, तुयी मर्जी. पण पाला कडू हाय, ध्यानात ठेव."

भेंडीचे कॅरेट उतरवून रिकाम्या केलेल्या पिकअपमध्ये तिला आणलं.

बारा अठ्ठेचाळीसला डॉक्टरांनी वहिनीच्या दंडातून थोडं रक्त काढून काचेच्या स्वच्छ नळीत घेतलं आणि नळी स्टँडमध्ये उभी ठेवली. "वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही." मी घड्याळ पाहत उभा होतो. एक वाजून आठ मिनिटांनी त्यांनी नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं एका बाजूने वाहिलं. गोठलं नव्हतं.

"घोणस," त्या म्हणाल्या. "सलाईन लावा, लस काढा."

सापाच्या विषावरची लस सुरू झाल्यावर त्या माझ्याशी दोन मिनिटं बोलल्या. घोणशीचं विष रक्ताची गोठण्याची ताकद काढून घेतं. जिभेला त्याचा पत्ता लागत नाही. नाग-मण्यारीच्या विषात जीभ जड होऊ शकते, पण त्यातही पाला कडू लागतो की नाही यावर काही ठरत नाही. मी विचारलं, मग काकांचं इतकी वर्षं बरोबर कसं आलं?

"चावणाऱ्या सापांत बिनविषारीच जास्त," त्या म्हणाल्या. "विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतो असं नाही. तुम्ही कुठलीही परीक्षा न घेता प्रत्येकाला 'तुला काही होत नाही' म्हणत बसलात तरी बहुतेक वेळा बरोबर ठराल. नंतर पेपरात तुमचा फोटोसुद्धा येईल."

फोटोचं त्यांनी सहज म्हटलं. त्यांना माहीत नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी काकांवर मी लिहिलं होतं. पाव पान, तीन कॉलम, फांदी हातात धरलेल्या काकांचा फोटो. मथळा मीच दिला होता. 'शेकडोंना जीवदान' हे शब्द त्यात होते. शेकडो कोणते, ते मी मोजलं नव्हतं. मी काकांशी बोललो, अंगणात बसलेल्या सहा जणांशी बोललो. सहाही जण जिवंत होते. जे नव्हते ते अंगणात बसलेले असणं शक्य नव्हतं, हे मला पत्रकारितेत पंधरा वर्षं काढल्यावरही सुचलं नाही. त्या बातमीनंतर मला तीन फोन आले. दोन अभिनंदनाचे, एक फोटोत गावाच्या सरपंचांना कापल्याबद्दल तक्रारीचा. बातमी खरी आहे का, असं विचारणारा एकही फोन आला नाही. मी समजलो, बातमी खरी आहे.

त्याच संध्याकाळी वहिनीला बुलढाण्याला हलवलं. लघवी कमी झाली होती. तिसऱ्या दिवशी पहिलं डायलिसिस झालं. मूत्रपिंडं पूर्ववत होतील का, याचं उत्तर तिथल्या डॉक्टरांनी दिलं नाही. होऊ शकतात, नाही होऊ शकत, वेळ लागेल, एवढंच सांगितलं. उशीर किती झाला हे त्यांनी दोनदा विचारलं. भावाने पहिल्यांदा खोटं सांगितलं.

वहिनी बुलढाण्याला असताना, सकाळी साडेनऊ वाजता चिखलीच्या डॉक्टरांचा वॉर्डात फोन आला. मला वाटलं ओळखीमुळे केला असेल. परिचारिका म्हणाली, त्या रोज करतात. त्यांनी पाठवलेला प्रत्येक पेशंट पुढे कसा आहे, काय निघालं, हे विचारतात. नंतर मी त्यांना त्याबद्दल विचारलं. त्या थोड्या चिडल्याच. "फोन नाही केला तर मला कळणार कसं? माझ्या टेबलासमोरून माणूस गेला की तो माझ्यासाठी बराच झालेला असतो. पहिल्या वर्षी मी एकाला साधी सूज म्हणून घरी पाठवलं होतं. विष चढलं तेव्हा तो दुसऱ्या दवाखान्यात गेला. मला चार महिन्यांनी कळलं, तेही लग्नात."

काका वही ठेवतात. दोन जाड वह्या, पट्टीने आखलेल्या. तारीख, नाव, गाव, अवयव, पाला, निकाल. मी वहिनीला भेटून परत येताना बाराव्या दिवशी काकांकडे गेलो आणि वह्या मागितल्या. त्यांनी लगेच दिल्या. लपवण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि याचाच मला जास्त संताप आला. बैठकीत माझी बातमी चौकटीत लावलेली होती. काच स्वच्छ पुसलेली होती.

पानं उलटली. कडू, बरा. कडू, बरा. कडू, बरी. मध्येच कुठे 'गोड, पाठवला'. पाठवलेल्यांच्या पुढे काही नाही. 'बरा' हा शब्द प्रत्येक ओळीत त्याच शाईत, त्याच हातात होता. म्हणजे पाला कडू लागला त्याच बैठकीत तो लिहिला होता. मंगळवारची ओळही होती. वहिनीचं नाव, उजवा पाय, कडू तीनदा, बरी.

वहीतल्या 'बरा' लिहिलेल्या आठ घरी मी पुढच्या दोन आठवड्यांत जाऊन आलो. सात जण भेटले. एक फवारणीवर होता म्हणून थांबावं लागलं, पण भेटला. आठवं घर अमडापूरच्या पलीकडच्या वाडीत. बाईने चहा ठेवला. नवरा मांडीला साप चावल्यावर काकांकडे गेला होता, पाला कडू लागला, रात्री घरी येऊन जेवला. तिसऱ्या दिवसापासून लघवी बंद. अकोल्याला नेला. तेविसाव्या दिवशी गेला.

"काकाले सांगतलं नाई?" मी विचारलं.

"काय सांगाव त्याइले? त्याइनं तर चांगलंच केलतं. आन डाक्टर म्हणे किडनी गेली. सापाचं काय त्यात."

"काका आलते का नंतर?"

"आलते ना. तेरवीले जेवून गेले. लई हळहळले."

काका तिच्या दारात जेवले होते. त्यांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. तिने मर्यादा ठेवली. वहीत त्या माणसापुढे अजूनही 'बरा' आहे.

मी त्याच दिवशी काकांकडे गेलो. भाऊ सोबत होता. काका बैठकीत मिरचीची रोपं मोजून जुड्या बांधत होते.

"काय पत्रकार," ते म्हणाले. "कशी हाय सूनबाई?"

"चवथं डायलिसिस झालं."

"होईन बरी. टायमावर गेली म्हणून वाचली."

"टायमावर?"

"मीच म्हन्लो ना तुले, ने म्हणून." त्यांनी जुडी बाजूला ठेवली. खोटं बोलत आहेत असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. त्यांना तसंच आठवत होतं. गावातही तोवर तसंच सांगितलं जात होतं: काकांनी ओळखलं, काकांनी पाठवलं. वहिनी जगली, हे काकांच्या बाजूने मोजलं गेलं होतं.

मी वाडीतल्या माणसाचं सांगितलं. काकांनी दुसरी जुडी बांधायला घेतली. मग म्हणाले, "त्याची किडनी गेलती."

"घोणस किडनीच घेते काका."

"मले कोणी सांगतलं?"

"तुमी कोणाले विचारलं?"

"हे पाहाय," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मी तरणा असताना याच झाडाखाली एका पोट्ट्याले नाग चावला. तो पाला चावे आन म्हणे गोड लागते. दिवस बुडायच्या आत गेला. ते म्या डोळ्यानं पाह्यलं. तवापासून ज्याले कडू लागला तो मेला नाई. परीक्षा खोटी असती तर लोक फिरून आले असते का माया दारात?"

"मेलेला फिरून कसा येईन?" भाऊ म्हणाला. सगळ्या प्रकरणात तो काकांपुढे पहिल्यांदाच बोलला. "मायी बायको तुमच्या अंगणात रक्त थुकली. तुमी काडी म्हन्ले. म्या ऐकलं. म्या तिचा नवरा, म्या काडी म्हन्लं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे बोट केलं. "यानं लिहलं ना पेपरात. तवा नाई वाटलं खोटं? त्या पेपरानंतर माया दारात मेहकरकडून लोक येऊ लागले."

मी खुर्चीवर चढलो, चौकट उतरवली आणि पिशवीत टाकली. काकांनी अडवलं नाही. मग मी वही उघडली, टेबलावरची पट्टी घेतली आणि प्रत्येक भरलेल्या पानावर, शेवटी, एक रकाना वाढवला. वर लिहिलं: 'महिन्यानंतर, स्वतः जाऊन विचारलेलं'. मागच्या पंचवीस-तीस कोऱ्या पानांवरही आखला. अर्धा-पाऊण तास लागला. काका जुड्या बांधत राहिले.

दुसऱ्या आठवड्यात मी बातमी लिहिली. काकांचं नाव, गाव टाकलं नाही. माझ्या जुन्या बातमीचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात केला. संपादकांनी तो परिच्छेद काढला. उरलेली बातमी आतल्या पानावर, सिंगल कॉलम लागली. फोन आला नाही.

वहिनी घरी आली. मंगळवार आणि शुक्रवार, आठवड्यातून दोन वेळा, भाऊ तिला बुलढाण्याला घेऊन जातो. भेंडी त्यानंतर मोडून टाकली. सातव्या डायलिसिसनंतरच्या रविवारी ती भावाला म्हणाली, "मले काकाकडं घेऊन चाला." भावाला वाटलं भांडायला. ती गाडीवरून उतरली, बाजेवर बसली, आणि वही मागितली. काकांनी आणून दिली. तिने पेन मागितलं. तेही दिलं.

"पाला देऊ नका वं अजून," शेजारची म्हातारी म्हणाली. कुणी हसलं नाही.

वहिनीने स्वतःची ओळ शोधली आणि मी आखलेल्या रकान्यात लिहिलं. मग आधीच्या पानावर गेली, वाडीतल्या माणसाच्या ओळीवर थांबली. त्याच्यापुढेही लिहिलं. वही मिटून काकांच्या हातात दिली. हे मला भावाने सांगितलं. मी तिथे नव्हतो.

गेल्या आठवड्यात मी ती वही पुन्हा पाहिली. वहिनीच्या ओळीपुढे तिच्या अक्षरात आहे: 'सात डायलिसिस झाले. लघवी दीड पेला. चालू आहे.' वाडीतल्या माणसापुढे: 'वारले.' काकांनी दोन्ही ठिकाणचा 'बरा', 'बरी' खोडलेला नाही. वहिनीच्या ओळीखाली नंतरच्या तीन नोंदी आहेत. पहिली: डावा हात, पाला दिला नाही, पाठवला. दुसरी: उजवा पाय, कडू, बरा. तिसरी: डावा पाय, कडू, बरी. शेवटचा रकाना तिन्हींपुढे कोरा आहे. तिन्ही नोंदींना महिना उलटून गेला आहे. वहिनीचं एकोणिसावं डायलिसिस मागच्या शुक्रवारी झालं.